शिबिर नको, थेरपिस्ट पाठवा : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी माझ्या घरी एक शासकीय पत्र आले. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेल्या मुलांच्या पालकांसाठी तालुक्याच्या ठिकाणी एक दिवसाचे समुपदेशन शिबिर भरणार असून ‘पाल्याच्या स्थितीचा स्वीकार’ हा त्याचा विषय आहे, असे त्यात कळवले आहे. दुपारच्या भोजनाची सोय असल्याचेही आवर्जून लिहिले आहे. आपण फेब्रुवारीत आमच्याकडे आला होता, तेव्हा चतुर्थीच्या आत तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसेल, असा शब्द आपण भर सभेत दिला होता. गणपती आले आणि गेले, आता भातकापणीही सुरू झाली. थेरपिस्ट आला नाही, त्याच्या जागी हे निमंत्रण आले.

स्वीकार कसा होतो हे आपल्या खात्याला जाणून घ्यायचे असेल, तर भोजनाशिवायही मी सांगू शकते. मी अंगणवाडी सेविका आहे. मूल चौथ्या महिन्यापर्यंत मान धरते, आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत आधाराशिवाय बसते, हे मी गावातल्या प्रत्येक आईला सांगत आले. कोणाचे मूल मागे पडले, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकापुढे त्याला नेणे हे माझे कामच आहे. माझा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात जन्मला. वजन 1400 ग्रॅम. सहाव्या महिन्यात त्याची मान डगमगत होती, तेव्हा तो दोन महिने लवकर आला आहे, दोन महिने वजा करा, असे मी सगळ्यांना सांगितले. वर्षाचा झाला तरी बसेना, तेव्हाही तेच दोन महिने मी पुन्हा वजा केले. लंगोट बदलताना त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर आवळले जात. ते दोन्ही हातांनी सोडवून मी बाहेर येई आणि याच्या अंगात फार जोर आहे, असे सासूबाईंना सांगे. त्या वर्षी पथक आले तेव्हा गावातली अकरा मुले मी दाखवली. माझा घरी झोपला आहे, असे सांगितले. तो जागा होता.

सासूबाई म्हणत, “ह्येचो बापूसय उशिरानच चललेलो.” त्यांनी देवळात गाऱ्हाणे घातले, देवाला पाकळ्या लावून कौल घेतला, तो उजवा म्हणजे शुभ आला, आणि त्या एका पाकळीवर आम्ही आणखी चार महिने काढले. अखेर दीड वर्षाचा झाल्यावर कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील पोकळ्यांलगतचा भाग नाजूक असतो आणि पायांकडे जाणारे तंतू तिथूनच जातात, असे त्यांनी कागदावर काढून दाखवले. परतताना फोंड्याचा घाट उतरेपर्यंत आमच्या यांनी तोंड उघडले नाही. पुढे कितीतरी दिवस ते रात्री होडीवर जात आणि सकाळी मुलाकडे न पाहताच झोपत. मला राग येई, पण पथकापुढे खोटे बोललेली मी त्यांना काय बोलणार?

मग एका दुपारी ते घरातली फणसाची जुनी फळी घेऊन सुताराकडे गेले. कोल्हापूरला पाहिलेल्या कोपऱ्याच्या खुर्चीचे माप त्यांनी वितीने घेतले होते. सुताराने खुर्ची केली, मोठ्या मुलीच्या फाटक्या दप्तराचा पट्टा तिला लावला. त्यात बसवल्यावर मुलाची पाठ सरळ झाली, दोन्ही हात मोकळे झाले, आणि त्याने समोरच्या पेजेच्या वाटीत पंजा घातला. सगळी पेज अंगावर सांडली. हे हसले. तो कधी चालेल, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी विचारलेला नाही. याला शासनाच्या भाषेत स्वीकार म्हणत असतील, तर तो आमच्याकडे अडीच वर्षांपूर्वी झाला आहे. तशी नोंद घ्यावी.

आता उरतो तो शरीराचा प्रश्न, आणि तो थांबत नाही. मेंदूला झालेली इजा वाढत नाही. पण रोजचा व्यायाम योग्य रीतीने झाला नाही तर स्नायू आखूड होतात, टाच उचललेलीच राहते, खुबा सांध्यातून सरकू लागतो. मूल वाढते तसा पायातला स्प्लिंट, म्हणजे पाय योग्य स्थितीत धरणारा आधार, बदलावा लागतो. आमच्या पावसात त्याच्या पट्ट्यांना बुरशी येते ती वेगळीच. यासाठी दर दुसऱ्या मंगळवारी आम्ही घाट चढून कोल्हापूरला जातो. एस.टी.त माझे तिकीट अर्धे आहे, त्याबद्दल सरकारचे आभार. तरीही एका फेरीला 1400 रुपये जातात, वर्षाला 35 हजारांच्या वर, आणि मंगळवारची होडीवरची कमाई बुडते ती यात धरलेली नाही.

हजार जन्मांमागे दोन ते तीन मुलांना हा त्रास होतो. आमच्या तालुक्यात वर्षाला हजार मुले जन्मतात असे धरले, तर दहा वर्षांत वीस-तीस मुले झाली. आकडा चुकत असेल तर आपल्या खात्याने दुरुस्त करावा. त्या निमित्ताने कोणीतरी मोजेल तरी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचे 25वे कलम परिसरात, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा देण्यास सांगते, उत्पन्नाच्या मर्यादेची मेख मारून का होईना. कोल्हापूर आमच्या परिसरात केव्हा आले, हे कळल्यास बरे होईल. अपंगांचे दिव्यांग झाले, 2022मध्ये राज्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग झाला, दर 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनी, गुलाबाची फुले मिळतात. पदे मात्र कंत्राटी, आणि कंत्राट संपले की पाटी तेवढी भिंतीवर राहते. कोकणाला याचे नवल नाही. ज्या मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाला 2011मध्ये हात लागला, त्याच्या नव्या तारखा ऐकत आमची मुले मोठी झाली. येथे आजारी पडले की मुंबई, गोवा किंवा घाटमाथा, हे आपण सर्वांनी मिळून ठरवूनच टाकले आहे.

माझी मागणी आपल्याच शब्दाएवढी आहे : आठवड्यातून दोन दिवस, एक माणूस, एक सतरंजी. सतरंजी अंगणवाडीतली देईन.

शिबिराला मात्र येता येणार नाही. ते मंगळवारी ठेवले आहे.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
कोकण