शनिवारचे मदत केंद्र बंद पडू नये म्हणून : सर्व हितचिंतकांस आवाहन

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन फॉर्म, रेशन, बँक अशा कामांत लोकांना हात देणाऱ्या, कळवा पूर्वेतील आपल्या मदत केंद्राची खोली येत्या ३१ तारखेला रिकामी करून द्यायची आहे. इमारत पुनर्विकासाला जात आहे. मालकांनी इतकी वर्षे नाममात्र भाडे घेतले, त्यांचे ऋण मंडळ विसरणार नाही. केंद्र सुरू झाले तेव्हा एक टेबल, दोन बाकडी आणि आपल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी दिलेला लॅपटॉप, एवढीच सामग्री होती. बाई आज आपल्यात नाहीत. त्या दर शनिवारी यायच्या आणि फॉर्म भरायला आलेल्या बाईचे बोट धरून तिलाच बटण दाबायला लावायच्या. प्रिंटर दिला नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादांनी. आपल्यामुळे त्यांचे गिऱ्हाईक कमी होणार हे ठाऊक असूनही दिला, आणि आजवर शाई भरण्याचा पैसा घेतलेला नाही. पावसात छत गळू लागले तेव्हा रिक्षा स्टँडवरच्या मंडळींनी वर्गणी काढून पत्रे घातले. या सर्वांच्या जिवावर केंद्र उभे आहे.

भास्करनगर, वाघोबानगर, पौंडपाडा इथून डोंगर उतरून माणसे येतात. भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या मावशी रेशन दुकानातल्या, बोटाचा ठसा घेणाऱ्या ई-पॉस मशीनवर एकेक बोट पुसून पुसून ठेवतात, मशीन घेत नाही, आणि त्या रिकामी पिशवी घेऊन परततात. ठसा जुळला नाही म्हणून पात्र माणसाचे धान्य अडवायचे नाही, असे केंद्र सरकारचे ऑक्टोबर २०१७ चे पत्र आहे. ते आपण लॅमिनेट करून ठेवले आहे. आपला कार्यकर्ता ते घेऊन सोबत जातो, तेव्हा धान्य मिळते. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसीसाठी (ऑनलाइन ओळख पडताळणीसाठी) नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी लागू लागला. ज्यांचे दोघेही हयात नाहीत, त्या कुणाचा ओटीपी आणणार? त्या दिवसांत आपल्या दारातली रांग जिन्याखाली गेली होती.

स्टेशनजवळ कंगवे-रुमाल विकणाऱ्या आपल्या दृष्टिहीन बंधूंना एका बँकेने खाते उघडताना मोबाइलसमोर डोळे मिचकवायला सांगितले. अशाच अडचणीवर अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्ती सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. तो निकाल जोडून आपण अर्ज केला, खाते उघडले. म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, इथे कुणी उपकार मागायला येत नाही. खासगीपणाही मूलभूत हक्कच आहे, नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये तसे सांगितले आहे. त्यामुळे आधारची एकही झेरॉक्स आपण ठेवत नाही, काम झाले की त्या माणसासमोरच फाडतो.

मनातले एक बोलायलाच हवे. गणपतीत आम्ही पत्रके घेऊन सोसायट्यांमध्ये फिरलो. ‘आमच्याकडे सगळ्यांकडे स्मार्टफोन आहेत,’ म्हणून काही ठिकाणी गेटवरूनच परत पाठवले. वाईट वाटले. पुढे त्यातल्याच एका सोसायटीतल्या आजोबांना ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे खोट्या पोलिसांची फोनवरून अटकेची, धमकी आली, तेव्हा रात्री आपलीच मुले धावली आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून घेतली. आजोबांनी स्वतः येऊन पावती फाडली, सोसायटी मात्र अजून गप्प आहे.

आता गरज अशी : नव्या खोलीची अनामत ७५,००० रुपये, पैकी २८,००० जमले. एक चालू स्थितीतला लॅपटॉप, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यासाठी एक थंब मशीन, ब्रॉडबँडचे वर्षाचे बिल. पैसे नसतील तर शनिवारी ४ ते ७ मध्ये दोन तास द्या. मराठी-हिंदी वाचता येणे पुरे. रोख असो वा चेक, पावती घ्याच. देणगीवर आयकरातील ८०-जीची सवलत नाही. खाते क्रमांक केंद्राच्या फलकावरून किंवा खजिनदारांकडूनच घ्या. मंडळाच्या नावाने कुणी फोनवर पैसे वा ओटीपी मागितला तर देऊ नका. रविवारी सकाळी १० वाजता नवी खोली पाहायला जाणार आहोत, जुन्या केंद्रापाशी जमावे.

आपला,
कार्यवाह