गरम पाण्याच्या कुंडाला आधी वाली द्या, ब्रोशर नंतर छापा : पर्यटन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यटन मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगते साहेब, हे पत्र रोपवे, काचेचा पूल नाहीतर वॉटर पार्क मागायला लिहिलेलं नाही. मागणी इतकी छोटी आहे की मंत्रालयात कुणी ती फाईलवर तरी घेईल का याचीच शंका वाटते. कोकणात जिथे जिथे गरम पाण्याची कुंडं आहेत तिथे बाईमाणसाला कपडे बदलायला आतून कडी लागेल असं एक दार पाहिजे, आणि हे कुंड सांभाळायची जबाबदारी नक्की कुणाची ते लिहिलेला एक बोर्ड पाहिजे, त्यावर चालू असलेला फोन नंबर. बास.

आता हे कुठून आलं ते सांगते. आमचं मूळ गाव देवरुखच्या बाजूचं, राहायला डोंबिवली. थंडीत आई, आत्या, वहिनी आणि मी अशा आम्ही बायकाच चिपळूणला उतरलो आणि तिथून दिवसभरासाठी गाडी केली. पॅकेज बिकेज काही नाही, ओळखीतला ड्रायव्हर दादा, त्याची अर्टिगा, दिवसाचा रेट आधीच ठरलेला, त्याचं जेवण आपल्याकडे. रूटपण त्यानेच आखला, सकाळी लवकर निघून तुरळ, मग राजवाडी, तिथून कसबा संगमेश्वर, जेवायला देवरुख आणि दुपारनंतर मार्लेश्वर. म्हणजे गरम पाण्याचे झरे, जुनी देवळं, सह्याद्रीतला धबधबा आणि त्याच्या खालचा डोह हे सगळं एका दिवसात, आणि तेही एकाच तालुक्यात! तुमच्या खात्याने ठरवून सर्किट आखलं असतं तरी याच्यापेक्षा चांगलं जमलं नसतं. आणि ते आखलंय कोणी, तर चिपळूण-संगमेश्वर स्टँडवरच्या गाडीवाल्यांनी, ज्यांना आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही की बाबा तुम्ही लोकांना कुठे कुठे नेता.

तुरळचं पाणी मुंबई-गोवा महामार्गाला अगदी लागून. गाडीतून उतरलं की दोन मिनिटांत कुंड, त्यातून वाफा येत असतात, हात घातला की पटकन मागे घ्यावा लागतो, थंड पाणी मिसळल्याशिवाय अंघोळ शक्यच नाही. आईच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं, ती तर आदल्या रात्रीपासून त्या पाण्याच्याच गप्पा मारत होती. राजवाडीला सोमेश्वराचं देऊळ आहे, लाकडावरचं कोरीव काम बघत उभं राहावं असं, आणि तिथेही गरम पाणी. ही जोडी कोकणात जागोजागी दिसते, झरा आणि त्याच्या शेजारी देऊळ. गणेशपुरीला भीमेश्वर, वज्रेश्वरी-अकलोलीला तानसा नदीच्या काठाने कुंडंच कुंडं, पालीजवळ उन्हेरे, दापोलीत उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, सगळीकडे थोड्याफार फरकाने तेच. वज्रेश्वरीचं देऊळ तर चिमाजी आप्पांनी १७३९ च्या वसईच्या मोहिमेवेळी केलेल्या नवसाचं म्हणून सांगतात. मुद्दा एवढाच की लोक इथे पिढ्यान् पिढ्या येतायत, उद्या तुम्ही जाहिरात केलीत म्हणून येणार आहेत असं नाही.

आणि तरी बाईने अंघोळ करायची कशी? एका कुंडावर (कुठलं ते लिहीत नाही, उगाच त्या गावावर खापर फुटेल) बायकांची खोली होती, म्हणजे चार भिंती होत्या आणि दारपण होतं, पण दाराला कडी नाही, भिंतीत खुंटी नाही, दिवा नाही आणि खाली शेवाळ. आत्या आत गेली, बाहेरून वहिनीने दार ओढून धरलं आणि मी मोबाईलचा टॉर्च धरून उभी. पलीकडच्या बाजूला पुरुषमंडळी मजेत पंचा लावून पाण्यात बसलेली. तेवढ्यात कॉलेजच्या पोरींचा एक ग्रुप आला, खोली बघितली, एकमेकींकडे बघितलं आणि पाय ओले करून सेल्फी काढून निघून गेल्या. एवढ्या लांबून येऊन पाय ओले करून परत! आईने शेवटी अंगावरच्या साडीसकटच दोन तांबे घेतले आणि ओल्या साडीत गाडीत बसली. ड्रायव्हर दादाने न बोलता सीटवर प्लास्टिक अंथरलं, कारण त्याच्या डिकीत ते कायम असतं. त्याच्या गाडीत येणाऱ्या बायकांचं हे असंच होतं हे त्याला माहीत आहे साहेब, तुमच्यापर्यंत कसं नाही आलं?

तिथेच बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं की हे बघतं कोण. तर म्हणाले, बांधलं कुठल्यातरी निधीतून, उद्घाटन झालं, नारळ फुटला, पुढे ग्रामपंचायतीला विचारलं तर देवस्थानाकडे बोट, देवस्थानाला विचारलं तर जिल्हा परिषदेकडे आणि रस्त्याकडेची जागा असेल तर आणखी तिसरंच खातं. झाडायला कोण, तर एक बाई मनाला येईल तेव्हा झाडून जाते, कुणी दहा-वीस रुपये हातावर ठेवले तर ठेवले. माझं सगळं भांडण इथेच आहे. पैसे नाहीत हा प्रश्न नाहीये, बांधकामाला पैसे येतात, पाटीवर नावं पण झळकतात. बांधून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे झाडू मारणार कोण, हे कुठल्याच कागदावर नसतं.

जबाबदारी कुणाचीच नसली की काय होतं ते आपण १५ जून २०२५ ला मावळात बघितलंच, इंद्रायणीवर कुंडमळ्याला. तेही असंच ठिकाण, नदीने खडकात कोरलेली कुंडं बघायला रविवारची गर्दी, वर जुना लोखंडी पूल, धोकादायक आहे हे सगळ्यांना माहीत, आणि तो पडला, चार माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे जमावबंदी. जून उजाडला की कलेक्टरची ऑर्डर, इथे जाऊ नका तिथे जाऊ नका. अहो पण लोक जाणारच, डोह आणि धबधबा हे काय आजचं वेड आहे का? बंदीच्या कागदापेक्षा पाण्याची खोली लिहिलेला दगड, एक दोरखंड आणि सुट्टीच्या दिवशी गावातली पोहणारी दोन पोरं रोजावर ठेवली तर जास्त जीव वाचतील असं मला तरी वाटतं. मार्लेश्वरला धारेश्वरच्या धबधब्याखाली पाण्याकडे बघत उभं राहिलं की खोली अजिबात कळत नाही, आणि पोरं सरळ दगडावरून उड्या टाकायच्या तयारीत.

कुंडांच्या पाण्याबद्दल पण बोलायला हवं, कारण तिथे श्रद्धा आणि व्हॉट्सअॅप दोन्ही जोरात चालतात. कुणी म्हणतं खाली ज्वालामुखी आहे, कुणी म्हणतं सगळे त्वचारोग जातात. ज्वालामुखी वगैरे काही नाहीये, पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, खाली जमीन गरमच असते, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत साडेतीनशेएक किलोमीटरच्या पट्ट्यात हे झरे आहेत, काही नुसते कोमट तर काही सत्तर अंशांच्या आसपास. सत्तर अंशांच्या पाण्यात लहान मुलाचा पाय गेला तर काय होईल सांगा. तरी कुठल्या कुंडाचं पाणी किती गरम हे लिहिलेला साधा बोर्ड शोधावा लागतो. आणि कोमट, साचलेल्या गोड्या पाण्याचं दुसरंच दुखणं, केरळमध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमिबाच्या केसेस गेली दोन वर्षं आपण बातम्यांत बघतोय. तो नाकातून जातो, पिण्यातून नाही. आपल्या कुंडांत तो आहे असं मी म्हणत नाही, घाबरवायचं पण नाहीये, पण पाणी वाहतं ठेवा, ठराविक दिवसांनी तपासा आणि 'डोकं पाण्याखाली घालू नये' एवढं मराठीत लिहा, याला कितीसा खर्च येणार आहे? जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी १९४८ पासून वेगळा कायदा आहे, पाण्यात काय काय आहे आणि कुणी उतरू नये हे तिथे लावावंच लागतं. जपान राहू द्या, हिमाचलात मनालीजवळ वशिष्ठला जा, देवळाच्या आवारातच बायकांचं आणि पुरुषांचं कुंड वेगवेगळं आहे, गावच्या बायका रोज येऊन अंघोळ करून जातात. तेही झरा आणि देऊळच आहे की.

बरं कसबा संगमेश्वरचं राहिलंच. कर्णेश्वर बघून आत्या अर्धा तास बोललीच नाही, जी बाई डोंबिवली ते चिपळूण नॉनस्टॉप बोलत होती. काळ्या दगडातलं देऊळ, छतापर्यंत कोरलेलं, आणि आजूबाजूला गवतात आणखी पडकी देवळं. इथेच १६८९ साली संभाजी महाराज पकडले गेले. २०२५ च्या बजेटमध्ये त्यांच्या स्मारकाची घोषणा झाली, चांगलं झालं, व्हायलाच पाहिजे होतं. पण स्मारक झालं की बसच्या बस भरून लोक येणार, त्यात निम्म्या बायका, त्या संगमावरून पुढे राजवाडी-तुरळला पण जाणार. तेव्हा हा सगळा पट्टा एकत्र धरून विचार करा ना साहेब, एका ठिकाणी कोट्यवधी आणि थोड्याच अंतरावर दाराला कडी नाही, असं नको.

आता पैशाचं. तुमच्या २०२४ च्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक असं वाचलं. एवढ्या आकड्यात कडी-कोयंडा कुठे दिसणार म्हणा, म्हणून दुसरं धोरण काढते, २०२३ चं 'आई', महिलांसाठीचं. त्यात पर्यटनाचा धंदा करणाऱ्या बाईला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार भरतं. छान आहे. मग प्रत्येक कुंडाशेजारी गावातल्या बचत गटाला दोन खोल्या चालवायला द्या. बादली, तांब्या, टॉवेल, कडी लागणारं दार, चहा आणि घावणे, माणशी तीस-चाळीस रुपये घ्या, आम्ही हसत देऊ. एरवी महामार्गावरच्या हॉटेलात नुसतं टॉयलेट वापरायला मिळावं म्हणून नको असलेला चहा पितोच आम्ही. त्या बायकांना वर्षभर काम मिळेल आणि 'बघतं कोण' या प्रश्नाला एक नाव मिळेल. गटाने नीट नाही ठेवलं तर काढून घ्या, दुसऱ्या गटाला द्या, पण कागदावर कुणाचं तरी नाव असू द्या.

गाडीवाल्यांना पण जरा बोलवा. तालुक्याच्या ठिकाणी एक मीटिंग घ्या, समोशाचा खर्च मी देते. कुठल्या कुंडात सोमवारी पाणी बदलतात, कुठे दुपारी दारुडे बसतात, कुठल्या रस्त्यावर बायकांसाठी गाडी थांबवण्यासारखी एकच जागा आहे, हे त्यांना तोंडपाठ आहे. आमच्या दादाला मी विचारलं की सरकारी नकाशात ही ठिकाणं आहेत का, तर तो म्हणाला ताई नकाशात आहेत हो, पण नकाशा बनवणारा इथे अंघोळीला आला असेल असं वाटत नाही. मी हसले, पण खरं तेच आहे.

आणि एक कळकळीची विनंती, हे वाचून कुणी उत्साहाने कुंडांना चकचकीत टाईल्स लावायला घेऊ नका. जुन्या दगडी बांधणीवर गुलाबी टाईल्स, स्टीलचे रेलिंग, वर कमान, त्यावर कार्यसम्राट. आहे तो दगड तसाच राहू द्या, गळतंय तिथे जाणकाराकडून दुरुस्त करा आणि झऱ्याच्या तोंडाशी बोअर मारायला कुणाला परवानगी देऊ नका, झरा एकदा आटला तर तो कुठल्याच निधीतून परत येत नाही. मार्लेश्वरच्या गुहेत लाईट नाहीत, समईच्या उजेडात दर्शन होतं, ते किती छान वाटतं! तिथेही उद्या कुणाला फोकस लावावेसे वाटतील, कृपा करून अडवा. पायऱ्यांचं मात्र बघा, पाचशेच्या वर आहेत, म्हाताऱ्या माणसांना मध्ये मध्ये टेकायला बाक आणि हाताला धरायला काहीतरी असलं की पुरे.

संक्रांतीला मार्लेश्वराचं लग्न असतं, साखरप्याहून गिरिजादेवीची पालखी येते, डोंगर माणसांनी भरून जातो आणि त्यातले बरेच जण येता-जाता तुरळ-राजवाडीला थांबतात. तुमच्या माणसांना पाहणी करायची असेल तर त्याच दोन दिवसांत पाठवा, आणि टीममध्ये निदान एक बाई असू द्या. तिला नुसतं बघायला नको, अंघोळ करून यायला सांगा. रिपोर्ट आपोआप नीट येईल.

कळावे,
आपली एक प्रवासी,
मु. डोंबिवली, मूळ तालुका संगमेश्वर