चित्रं दिली म्हणून मुलाचं बोलणं थांबत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा नातू पाच वर्षांचा आहे आणि तोंडाने त्याचे अजून मोजून सहा-सात शब्द येतात. आम्ही लोकमान्यनगरात राहतो, घरात मराठी नि दाराबाहेर हिंदी, इंदूरच्या बहुतेक मराठी घरांसारखंच. तो तीन वर्षांचा झाला तरी बोलेना तेव्हा सगळ्यांनी जे सांगायचं ते सांगून झालं, वेखंड उगाळून चाटवा, त्याचा बाप पण उशिराच बोलला होता, मुलगे उशिराच बोलतात, आणि ह्यात आमचं अख्खं वर्ष गेलं. कानाची तपासणी जी खरं म्हणजे सगळ्यात आधी करायची असते ती सुद्धा आम्ही शेवटी केली. कान ठीक निघाले.

मग एका ठिकाणी सांगितलं की घरात दोन भाषा आहेत म्हणून मूल गोंधळतंय, मराठी बंद करा. मला हिंदी चांगलं येतं, जन्म इथेच गेलाय, पण नातवाला मांडीवर घेतलं की तोंडात मराठीच येतं आणि ते गिळून गिळून मी त्याच्याजवळ गप्पच होत गेले. सात महिने. पोरगं आधीच बोलत नव्हतं, आता आजी पण बोलेनाशी झाली. नंतर ज्या स्पीच थेरपिस्ट ताई भेटल्या त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की दोन भाषांमुळे बोलण्याची अडचण येत नाही, अडचण असेल तर ती एका भाषेतही असतेच, घरच्यांनी बोलणं कमी केलं की मात्र मुलाचं नुकसान होतं. त्या सात महिन्यांचं मला आजही फार वाईट वाटतं, म्हणूनच हे पत्र लिहितेय, इंदुरात अजून किती मराठी घरांना हेच सांगितलं जात असेल कोण जाणे.

ह्याच ताईंनी चित्रांचं सुचवलं, म्हणजे तोंडाने येत नाही ते त्याने चित्र दाखवून सांगायचं. सुनेने मोबाईलवर आमच्याच घरातले फोटो काढले, त्याचा स्टीलचा पेला, त्याची वाटी, शेवेचा डबा, आजोबांची चप्पल, कचऱ्याची गाडी (ती आली की हा गॅलरीत धावतो), खजुरी बाजारातून प्रिंट काढून लॅमिनेट करून आणले आणि मागे वेल्क्रो लावून एका पुठ्ठ्यावर चिकटवले. पण ताई म्हणाल्या नुसत्या वस्तूंनी भागणार नाही, त्याला ‘नको’, ‘अजून’, ‘बास’, ‘थांब’, ‘दुखतंय’ हे शब्द आधी द्या. आम्हाला वाटायचं आधी नावं शिकेल, केळं, आंबा, गाय. पण जो तोंडाने नको म्हणू शकत नाही तो ताट फेकणार, चावणार, नाहीतर डोकं आपटणार, दुसरं करणार काय. आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

एक दिवस दुपारी तो नुसता रडत होता, दूध नको, गाडी नको, कडेवर पण नको. मग रडतारडता पुठ्ठ्याकडे गेला, दुखतंय वाला फोटो ओरबाडून काढला, माझ्या हातात कोंबला आणि माझाच हात धरून स्वतःच्या कानावर नेला. डॉक्टरांकडे नेलं तर कानात इन्फेक्शन. ह्याआधी असं किती वेळा दुखलं असेल आणि आम्ही त्याला खुळखुळा दाखवत बसलो असू.

नातेवाईकांना एकच भीती, चित्रांची सवय लागली की बोलायचा आळस करेल. असं होत नाही हो. 2006 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी चित्रं-खुणा वापरणाऱ्यांवरचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले होते, त्यात बहुतेकांचं बोलणं वाढलेलंच दिसलं आणि एकाचंही कमी झालं नव्हतं. आमच्याकडे मी ‘अजून’चं चित्र दाखवताना तोंडाने ‘अजून’ म्हणते, त्याला शेव देते, मग मनात दहा आकडे मोजून थांबते. हे थांबणं सगळ्यात अवघड, आपण लगेच त्याच्याऐवजी बोलून मोकळे होतो. आणि नुसतं त्याच्याकडून बोट ठेववून घ्यायचं नाही, मोठ्यांनी पण बोलताना त्या चित्रांवर बोट ठेवायचं, तरच तो शिकतो.

मोबाईल ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईने केलेलं जेलो नावाचं फुकट ॲप आहे, चित्र दाबलं की ते बोलतं, मराठीत पण आहे. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 2013 पासून सरकारची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ही योजना आहे, त्यात जिल्हा पातळीवर मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासायची केंद्रं पण आहेत, तिथे चौकशी करायला लाजू नये. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय की ज्यांना बोलायची अडचण आहे त्यांच्यासाठी बोलण्याला जोड देणाऱ्या पर्यायी पद्धतींचा वापर वाढवायचा. तरी एका शाळेत आम्हाला सांगितलं गेलं, पुठ्ठा घरी ठेवा, इथे बाकीची मुलं बघतात. बघू देत ना, दोन दिवस बघतील, तिसऱ्या दिवशी ती पण बोट ठेवून बोलतील, आमच्या शेजारची मुलगी आता तसंच करते.

ओला कचरा कुठे, सुका कुठे हे ह्या शहराने भिंती रंगवून, डब्यांवर चित्रं काढून घराघरात पोचवलं. मग बागेत झोपाळ्याजवळ झोका, अजून, माझी पाळी, घरी जायचं अशी चित्रं असलेला एक मोठा बोर्ड, खाली मराठी-हिंदी अक्षरात शब्द, एवढं लावायला काय हरकत आहे? आमच्या महाराष्ट्र मंडळींना पण विनंती की गणपतीच्या कार्यक्रमात मुलांच्या स्पर्धा ठेवता तेव्हा जे तोंडाने बोलत नाहीत त्यांना पुठ्ठा घेऊन स्टेजवर येऊ द्या.

आमच्या कॉलनीतल्या बागेसाठी पहिला बोर्ड आम्ही घरच्या खर्चाने करून द्यायला तयार आहोत. तो लावायची परवानगी कोणाकडे मागायची तेवढं आपल्या पेपरमधून कळलं तर फार बरं होईल.

आपली,
एक आजी
लोकमान्यनगर, इंदूर