पॅरिसहून पत्र: द्राक्षवाल्यांचा पोरगा

पॅरिस, ३ नोव्हेंबर

ती. अण्णा आणि आईस शि. सा. नमस्कार.

मी बरा आहे. खोली गरम असते, दोन वेळा जेवतो. फोटोत बारीक दिसलो ते काळ्या कोटामुळे.

अण्णा, ‘बाग सोडून सिनेमा कसला शिकतोस’ म्हणालात, तेव्हा फोनवर उत्तर सुचलं नाही. मी जुन्या फिती जतन करायला शिकतोय. सध्या ज्याच्या फिती बघतोय तो मॅक्स लिंडरही द्राक्षवाल्यांचाच पोरगा. बोर्दोजवळच्या सँ-लुबेस गावचा, जन्म १८८३. मळ्यात रमला नाही, नाटकात गेला, १९०५ पासून पाथे कंपनीच्या मूकपटांत. उंच रेशमी टोपी, छडी, बारीक मिशी. चॅप्लिनच्या आधी जगाला हसवलं ते यानं. चॅप्लिननं स्वतःच्या फोटोवर ‘तुमचा शिष्य’ असं लिहून त्याला दिला होता. आई, १९२१ च्या एका चित्रपटात नोकरांकडून आरसा फुटतो आणि रिकाम्या चौकटीमागे उभा राहून आचारी मालकाच्या प्रत्येक हालचालीची नक्कल करतो. तुला तो दाखवणार आहे. त्याला भाषा लागत नाही.

परवा त्याच्या गावी जाऊन आलो. तिकीट स्वस्तातलं होतं. १ नोव्हेंबरला इथे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. शेवंती फक्त तिथेच. कुणाच्या घरी न्यायची नाही, भेट द्यायची नाही, टेबलावरही नाही. मी एकदा जेवायला जाताना नेली होती, तर घरची बाई गप्पच झाली. आपल्याकडे देवाला, लग्नाला तीच, हे मी सांगितलं, पण त्यांना पटेना. यंदा मीही एक कुंडी घेतली आणि मॅक्सच्या थडग्यापाशी ठेवली. आजूबाजूच्या वेली कमरेएवढ्याच, पानं पिवळी पडलेली. आपल्याकडे आता छाटणीनंतरची फूट आली असेल.

तो ४१ व्या वर्षी गेला, बायकोही त्याच वेळी. कसे, ते लिहीत नाही. तुम्ही उगाच माझ्याशी जोडाल. मागे सोळा महिन्यांची मुलगी राहिली. मोठी झाल्यावर तिनंच बापाच्या विखुरलेल्या फिती गोळा केल्या.

मी पंचवीस हजार पाठवले आहेत, माझ्या सुट्टीतल्या कामाचे आहेत. व्यापाऱ्यानं मागचे पैसे दिले नसतील तर आधी बँकेचा हप्ता भरा. ताईच्या लग्नाच्याच आठवड्यात माझी परीक्षा आहे. खूप विचारून पाहिलं, तारीख बदलत नाही. तिला मीच फोन करीन, तुम्ही आधी सांगू नका. माझ्या स्थळाचं मात्र अजून कुणाला काही बोलू नका.

वेलींवरची नको असलेली फेलफूट काढायला माणसं मिळाली का, ते कळवा. अण्णा, एकटे फवारणीला जाऊ नका.

तुमचा,
बाळू