तोरुनहून परतल्यावर बापूस पत्र

पुणे,
११ जानेवारी

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबत जोडलेले सहलीचे माहितीपत्रक परवा मिळाले. चौदा दिवसांत आठ देश दाखवण्याचे त्यात आश्वासन आहे, आणि माणशी छापलेली रक्कम वाचून तू शेवटी लिहिले आहेस की, ‘युरोप काही आपल्या नशिबात नाही, तेव्हा हा विषय आता सोडून देऊ.’ त्या एका वाक्यासाठी मी आज सकाळची सगळी कामे बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसलो आहे. गेल्या सप्टेंबरात ही आणि मी पोलंडमध्ये नऊ रात्री राहिलो, त्यांतल्या सहा एकट्या तोरुन या गावात काढल्या, आणि परत आल्यावर वहीत हिशेब मांडला तेव्हा आम्हा दोघांचा मिळून झालेला खर्च तुझ्या पत्रकातील एका माणसाच्या रकमेपेक्षा कमी भरला. म्हणून म्हणतो, विषय सोडू नकोस. फक्त आठ देश सोड आणि एक गाव धर.

आमचा खर्च कमी झाला तो पोटाला चिमटा घेतल्यामुळे नव्हे, तर आम्ही फारसे हललो नाही म्हणून. परदेशात विमानभाड्याखालोखाल पैसा जातो तो रोज गाव बदलण्यात. सामान उचला, गाडी पकडा, नव्या ठिकाणी महागडी खोली घ्या, स्वयंपाकाची सोय नाही म्हणून बाहेर जेवा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका गावात सहा रात्रींसाठी छोटे घर भाड्याने घेतले की दर उतरतो, सकाळचा चहा-नाश्ता घरीच होतो, आणि तटबंदीच्या आतले गाव चालत फिरण्याजोगे असल्यामुळे वाहनाचा खर्च जवळजवळ उरतच नाही. पोलंड २००४ पासून युरोपीय संघात असले तरी त्याने युरो स्वीकारलेला नाही. तेथे झ्लोटी चालतो (शब्दाचा अर्थ ‘सोन्याचा’), आणि पश्चिम युरोपच्या मानाने जेवण, खोली, रेल्वे हे सगळेच तेथे आपल्या आवाक्यातले आहे.

आता कागदपत्रांचे सांगतो, कारण घाई केली तर पैसा वाया जातो तो येथेच. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच परवान्याचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवासाला पंधरा दिवस उरले की मुदत संपते, पण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या तारखा मिळणे कठीण होते. तुला सप्टेंबरात जायचे असेल तर मे महिन्यातच तारीख घे. शुल्क प्रौढ माणसाला ९० युरो आहे, अर्ज केंद्राचा आकार त्याहून वेगळा, आणि अर्ज नामंजूर झाला तरी शुल्क परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय संरक्षणाचा प्रवास विमा लागतो. त्याचा हप्ता मात्र जड नसतो. येथील एका प्रवासी कचेरीने आम्हाला खोलीचे खोटे आरक्षण करून देण्याची तयारी दाखवली होती आणि त्याबद्दल वर पैसेही मागितले होते. असल्या भानगडीत तू पडू नकोस. पैसे नंतर भरण्याची आणि विनाशुल्क रद्द करण्याची मुभा असलेली खरी खोली आधी आरक्षित कर, तीच अर्जाला जोड, आणि व्हिसा हाती आल्यावर मनाजोगे घर निवड. विमानाचे तिकीट आम्ही आखाती देशात उतरून जाणारे घेतले. वाटेत साडेचार तास बसावे लागले, पण थेट प्रवासाच्या तुलनेत वाचलेल्या पैशांत तोरुनमधील घराचे चार दिवसांचे भाडे निघाले.

वॉर्सात, म्हणजे पोलंडच्या राजधानीत, आम्ही येता-जाता मिळून तीन रात्री राहिलो. पोलंडच का, असे तू विचारशील म्हणून आधी हे सांगतो. तुझे आजोबा वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत दूध घालायला जात, आणि तेथल्या गोऱ्या पोरांच्या गोष्टी तुमच्या सोप्यात बसून आपल्याला सांगत, ते तू विसरला नसशील. सोव्हिएत राजवटीने १९४० आणि १९४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकलून नेलेली ती कुटुंबे पुढे सुटका झाल्यावर इराणमार्गे भारतात आली, आणि १९४३ ते १९४८ या काळात त्यांतले सुमारे पाच हजार लोक आपल्या कोल्हापूरजवळ राहिले. त्यांत बायका आणि मुलेच अधिक होती. महावीर उद्यानातल्या त्यांच्या स्मारकस्तंभाजवळून आपण कितीदा गेलो असू, पण त्यावर काय लिहिले आहे ते थांबून कधी वाचले नाही. वॉर्सात माँते कसिनोच्या (दुसऱ्या महायुद्धातील इटलीतल्या लढाईच्या) युद्धस्मारकाजवळ कोल्हापूरचे स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले, ते तू वर्तमानपत्रात पाहिले असशील. आम्ही गेलो त्या दिवशी तेथे कोणीही नव्हते. परक्या मुलखात आपल्या गावाचे नाव वाचताना मला आजोबांची इतकी तीव्रतेने आठवण झाली की, हिने हात धरून बाकावर बसवले तेव्हा कुठे मी भानावर आलो.

वॉर्साचे जुने शहर पाहून मगच तोरुनला जा. दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा जवळजवळ जमीनदोस्त झाले, आणि आज दिसणारा तेथला जुना चौक हा जुनी चित्रे आणि आराखडे समोर ठेवून लोकांनी युद्धानंतर पुन्हा उभा केलेला आहे. तोरुन मात्र त्या युद्धातून फारशी पडझड न होता वाचले. एक चौक जिद्दीने पुन्हा बांधलेला आणि दुसरा मुळातच टिकून राहिलेला, हे दोन्ही लागोपाठ पाहिले की दोहोंचेही मोल कळते.

वॉर्साहून तोरुनला रेल्वेने पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. तिकीट आधी काढले तर स्वस्त पडते, आणि इंटरसिटी गाड्यांत साठ वर्षांवरील प्रवाशांना ३० टक्के सवलत असते, तेव्हा वयाचा पुरावा जवळ ठेव. मुख्य स्थानक नदीच्या अलीकडे आहे आणि जुने गाव पलीकडच्या तीरावर. पुढे गावाला लागूनच आणखी एक स्थानक आहे, परंतु तू मुख्य स्थानकावरच उतर आणि बसने पूल ओलांड. व्हिस्तुलेचे रुंद, संथ पात्र, काठाने धावणारा लाल विटांचा तट, त्यावरून डोकावणारी उतरती छपरे आणि चर्चचे भरभक्कम मनोरे एका नजरेत सामावतात. पुढे रोज संध्याकाळी आम्ही तोच देखावा पाहायला त्या पुलावर जात होतो, आणि त्याला तिकीट नव्हते. एक चूक मात्र आमच्यासारखी करू नकोस. आम्ही रविवारी पोहोचलो. पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकाने कायद्यानेच बंद असतात. त्यामुळे दूध-पावासाठी आम्हाला कोपऱ्यावरच्या एका छोट्या दुकानात दुप्पट किंमत मोजावी लागली, आणि भाजी तर मिळालीच नाही.

गाव कसे आहे म्हणून सांगू! आपल्या डोळ्यांना गड आणि देवळे म्हणजे काळा पाषाण. तेथे मैलोन्मैल सपाट भूमी, खडक असा नाहीच, म्हणून माणसांनी माती भाजून विटा केल्या आणि त्यांतून आभाळाला भिडणारी चर्चे उभी केली. ट्यूटॉनिक सरदारांच्या लष्करी धर्मसंघाने हे गाव वसवले आणि १२३३ मध्ये त्याला सनद दिली. पुराच्या त्रासामुळे अवघ्या काही वर्षांत ते आजच्या जागी हलवावे लागले. पुढे व्यापाऱ्यांचे जुने शहर, कारागिरांचे नवे शहर आणि दोहोंच्या मध्ये सरदारांचा गड अशी रचना झाली. हान्सा या व्यापारी संघात तोरुनचा समावेश होता, आणि धान्य भरलेली जहाजे येथून नदीच्या प्रवाहाबरोबर समुद्राकडे जात. नदीकाठच्या गल्ल्यांत त्या काळची धान्याची कोठारे अजून उभी आहेत.

मला सर्वांत अधिक जवळची वाटली ती गडाची जागा. सरदारांच्या जाचाला कंटाळून १४५४ मध्ये गावकऱ्यांनी बंड केले, गड घेतला आणि तो स्वतःच्या हातांनी पाडला. त्यानंतर तेरा वर्षांचे युद्ध झाले आणि १४६६ च्या तहाने तोरुन पोलंडच्या राजाकडे राहिले. पाडलेला गड मात्र कोणी पुन्हा बांधला नाही. पाचशे वर्षे ती जागा बहुतांशी कचरा टाकण्यासाठी वापरली गेली, आणि आज तेथे पाये, तळघरे आणि शौचकूपाचा एक बुरूज एवढेच उरले आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या आपल्याला गड पाडणे ही शत्रूची करणी वाटते. त्या विटांच्या ढिगाऱ्यात उभे राहून मी प्रथमच विचार केला की, गड पाडणे हेही एखाद्या गावाचे अभिमानाचे कृत्य असू शकते. जवळच तटाचा एक कललेला बुरूज आहे. खालची जमीन खचल्यामुळे तो ओळंब्यापासून सुमारे दीड मीटर झुकला आहे. त्याच्या भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून, हात पुढे करून उभे राहायचा तेथे प्रघात आहे. निष्पाप माणूस पडत नाही म्हणतात. ही क्षणभर तग धरून राहिली, मी लगेच पुढे आलो.

त्या तहानंतर सात वर्षांनी, १९ फेब्रुवारी १४७३ रोजी, याच गावात एका तांब्याच्या व्यापाऱ्याच्या घरी, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणाऱ्या निकोलस कोपर्निकसचा जन्म झाला. वडील लवकर गेले आणि मामाने त्याला सांभाळले, शिकवले, हे वाचून मला तो एकदम आपल्यातला वाटू लागला. त्याचे घर म्हणून जे दाखवतात, ते निमुळत्या, उंच दर्शनी भिंतीचे विटांचे घर आता संग्रहालय आहे. जुन्या नगरभवनासमोर १८५३ मध्ये बसवलेला त्याचा पुतळा आहे आणि चौथऱ्यावर लॅटिनमध्ये कोरले आहे की, याने पृथ्वीला गती दिली आणि सूर्याला व आकाशाला थांबवले. ज्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाल्याचे सांगतात, तेथे १५०० साली ओतलेली सुमारे सात टनांची घंटा आहे. आम्ही मनोऱ्याच्या अरुंद पायऱ्या चढून ती पाहिली. गुडघे दुखत असतील तर वहिनींना खालीच थांबू दे. पोलंडच्या सरकारी संग्रहालयांत कायमस्वरूपी दालने आठवड्यातून एक दिवस विनामूल्य असतात आणि सोमवारी बहुतेक ठिकाणे बंद असतात, तेव्हा वार पाहून दिवस आख.

तोरुनची दुसरी ख्याती ‘पिएर्निक’ या मसाल्याच्या भाकरीवजा गोड बिस्किटाची आहे. मध, पीठ, आले, दालचिनी, लवंग, वेलची असा त्याचा थाट. शब्दाचे मूळ जुन्या पोलिश भाषेतील ‘मिरपूड घातलेले, तिखट’ या अर्थाच्या शब्दात आहे, आणि मध्ययुगात युरोपला मिरी जात असे ती मुख्यतः आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून. इतक्या थंड गावाच्या भट्टीत शेकडो वर्षे आपल्याकडचा मसाला दरवळत होता, हे कळल्यावर मी एक डबा अधिक घेतला. तो तुमच्यासाठी ठेवला आहे. एका संग्रहालयात लाकडी साच्यांत पीठ दाबून आपल्या हाताने पिएर्निक करू देतात. त्याचे तिकीट मात्र जरूर काढ.

वहिनी शाकाहारी आहेत, त्यांची काळजी नको. साम्यवादी काळापासून चालत आलेल्या आणि पोलिश भाषेत ‘दुधाचे बार’ म्हटल्या जाणाऱ्या साध्या खाणावळी गावोगाव आहेत. तेथे दारू नसते, ताट आपण उचलून आणायचे, आणि आमचे दोघांचे दुपारचे जेवण साठ झ्लोटींच्या आत होत असे. बटाटा आणि ताजे पनीर भरलेले, उकडलेल्या करंजीसारखे ‘पिएरोगी’, बटाट्याची थालीपिठे, पनीर घातलेली गोड धिरडी, बिटाचे सार, हे सगळे त्यांना आवडेल. फक्त मागवताना ‘बेझ म्येंसा’, म्हणजे मांसाविना, असे स्पष्ट सांगावे, कारण पिएरोगींवर चरबीचे तळलेले तुकडे टाकण्याची तेथे रीत आहे. ही पहिल्या दिवशी त्याच कारणाने उपाशी उठली. संध्याकाळी घरी मुगाची खिचडी. मसाल्याची पुडी आणि लोणचे येथून न्यावे.

सहा दिवसांत एक दिवस बसने हेल्मनोला जाऊन या. त्या छोट्या गावालाही तोरुनबरोबरच सनद मिळाली होती, आणि त्याचा तट आजही जवळजवळ पूर्ण आहे. मालबोर्कचा प्रचंड किल्ला एका दिवसात उरकण्याचा मोह मात्र टाळ. आम्ही तसे केले आणि दिवसाचा मोठा भाग गाड्यांतच गेला.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. जुलै-ऑगस्टची गर्दी आणि चढे दर ओसरलेले असतात, दिवस पुरेसा मोठा असतो, आणि रात्री एका स्वेटरवर भागते. वहिनींच्या पारपत्राची मुदत यंदा संपते, असे तू मागे म्हणाला होतास. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने ते वैध असावे लागते, म्हणून त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज या आठवड्यातच टाका. माझी खर्चाची वही मी संक्रांतीनंतर कोल्हापूरला येताना घेऊन येतो. त्याआधी महावीर उद्यानात जाऊन त्या स्तंभाचे एक स्वच्छ छायाचित्र मात्र काढून ठेव. वॉर्सात त्या बाकावर बसलो असताना ते जवळ असायला हवे होते, असे मला राहून राहून वाटत होते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाना