चार मिनिटांचे बायोडिझेल आणि 450 बारचा दाब

संपादक महोदय,

तळणाच्या वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करायचा विषय निघाला की सुपरक्रिटिकल मिथेनॉलचे (इतक्या उष्णतेत आणि दाबात ठेवलेले मिथेनॉल, की ते धड द्रवही नाही, धड वायूही नाही) गोडवे सुरू होतात: उत्प्रेरक नको, धुणे नको, चार मिनिटांत काम फत्ते. चार मिनिटे खरी आहेत. क्योटो विद्यापीठातील साका आणि कुस्दियाना यांनी 2001 मध्ये रेपसीड तेलावर ती दाखवली. पण 350 अंश सेल्सिअसला, सुमारे 450 बार दाबाखाली आणि इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूच्या अवघ्या 5 मिलीलिटरच्या भांड्यात. गाडीतल्या सीएनजी टाकीत दाब असतो 200 बार.

मिथेनॉलचा हिशेब तर कुणी सांगतच नाही. तेलाच्या एका रेणूमागे मिथेनॉलचे 42 रेणू, म्हणजे किलोभर तेलाला दीड किलो. प्रत्यक्षात खर्ची पडते जेमतेम 110 ग्रॅम. उरलेले उकळून परत मिळवायचे. त्यातली उष्णता हीट एक्स्चेंजरने वसूल केली नाही, तर नफा बॉयलरमध्येच जळतो.

मग या पद्धतीत काही फायदा आहे का? आहे. नेहमीच्या पद्धतीत 60 अंशांना, उत्प्रेरक म्हणून कॉस्टिक (दाहक सोडा) घालून, एकास सहा रेणू मिथेनॉलवर तासाभरात काम होते. पण तेलातली मुक्त स्निग्धाम्ले टक्क्याच्या वर गेली की साबण धरतो आणि ग्लिसरीन नीट खाली बसत नाही. सुपरक्रिटिकलमध्ये त्या आम्लांचेही एस्टर, म्हणजे बायोडिझेलच, होते, तेलातले पाणीही फारसे नडत नाही.

मात्र 300 अंशांच्या वर सोयाबीन-सूर्यफुलातली बहुअसंतृप्त आम्ले तुटू लागतात. म्हणून साकांच्याच गटाने पुढे दोन टप्पे केले: 270 अंशांच्या पाण्याने तेल फोडायचे, ग्लिसरीन काढून टाकायचे, मग आम्लांवर मिथेनॉल. दाब 70 ते 200 बारांवर येतो. मोठ्या, अखंड चालणाऱ्या कारखान्याला हे जमू शकेल.

आपल्या भजी-फरसाणाच्या तेलात बेसनाचा चुरा आणि मीठ असते. चुरा पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो, प्रीहीटरच्या नळीत जळून बसतो. मिठातले क्लोराइड स्टेनलेस स्टीलला भेगा पाडते. म्हणजे आधी तेल बारीक गाळणे आणि धुणे इथेही चुकत नाही. दिवसाला शंभर-दोनशे लिटर तेल असेल, तर आधी आम्ल वापरून एस्टरीकरण आणि मग कॉस्टिक, हाच मार्ग बरा.

सुपरक्रिटिकल प्लँटसाठी अनुदान मागणाऱ्याकडून तीन आकडे लेखी घ्यावेत: लिटरमागे लागणारी एकूण उष्णता, परत मिळणारे मिथेनॉल आणि तयार मालात उरलेले मिथेनॉल. शेवटचा आकडा 0.2 टक्क्यांवर गेला, तर तो माल बायोडिझेलच्या आयएस 15607 या भारतीय मानकात बसत नाही.

– एक रसायन अभियंता, पुणे