म्हातारे माणूस घरी कसे परतले, तेही मोजा

महोदय,

माझे वडील, वय 82, गेल्या पावसाळ्यात न्यूमोनियाने आजारी पडले. रुग्णालयाच्या पायऱ्या ते माझ्या खांद्यावर हात ठेवून स्वतः चढले होते. बाराव्या दिवशी घरी आणले ते स्ट्रेचरवरून. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती स्थिर’ असे लिहिले होते आणि न्यूमोनियापुरते ते खरेही होते. पण कमरेखाली, माकडहाडावर, दहाच्या नाण्याएवढी जखम झाली होती. कार्डावर तिचा उल्लेख नव्हता. घरी अंग पुसताना आम्हाला ती दिसली.

बिल भरताना एक फॉर्म हातात ठेवला होता. जेवण कसे होते, खोली स्वच्छ होती का, कर्मचारी नीट बोलले का. पाच चेहऱ्यांपैकी एकावर खूण करायची. घाईत मी चौथ्या चेहऱ्यावर खूण केली. पेशंट आला तेव्हा चालत होता, आता चालतो का, हे त्या कागदावर कुणी विचारले नव्हते.

रुग्णालयातल्या तिसऱ्या रात्री अण्णा असंबद्ध बोलू लागले. ‘दुकान उघडायचंय, किल्ल्या दे,’ म्हणत सलाइन ओढू लागले. म्हणून त्यांचे हात बँडेजपट्टीने पलंगाच्या दांड्याला बांधले गेले. राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होते असे. सकाळी मी ड्रॉवर उघडला. चष्मा आणि कानाचे यंत्र त्यात होते, कवळी टिश्यूत गुंडाळून औषधांच्या पिशवीत टाकलेली. तिन्ही वस्तू जागच्या जागी बसवल्या, आज गुरुवार आहे असे सांगितले. तासाभराने त्यांनी चहा मागितला आणि हात कुणी बांधले ते विचारले.

पुढे वृद्धांच्या आजारांचे तज्ज्ञ असलेल्या एका डॉक्टरांनी समजावले, की याला डेलिरियम म्हणतात. संसर्ग, सोडियम घसरणे, काही झोपेची औषधे, लघवीची नळी, मोडलेली झोप, न दिसणे-न ऐकू येणे यांतून तो उद्भवतो. बऱ्याचदा तो टाळता येतो. निदान वेळीच ओळखता तरी येतोच.

सिस्टरांना मी दोष देत नाही. रात्रपाळीला सगळ्या वॉर्डात त्या एकट्याच होत्या. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायला निदान दोन माणसे लागतात, आणि मदतीच्या मावशी दुसऱ्या मजल्यावर गेलेल्या असायच्या. माणसे कमी असतील तर ते कुठेतरी दिसले पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

रुग्णालयांना मानांकन देणारी एनएबीएच ही संस्था 2005 पासून आपल्याकडे काम करते. मानांकन असलेल्या ठिकाणी बेडसोअर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी, अण्णांना झाली तशी जखम) किती झाले, पेशंट किती वेळा पडले याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणजे मोजण्याची रीत आहेच. पण प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि आकडे फायलीत राहतात. 2021 मध्ये राज्याने शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे नियम सुधारले आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. त्याच फलकाशेजारी तीन आकडे लावायला काय हरकत आहे? सत्तरीपुढच्या रुग्णांपैकी किती जणांना इथे आल्यावर बेडसोअर झाला, किती जण पडले, आणि चालत आलेल्यांपैकी किती जण चालत घरी गेले.

यात एक धोका आहे. आकडे चांगले दिसावेत म्हणून रुग्णालये जर्जर म्हाताऱ्यांना दारातूनच परत पाठवतील. म्हणून दाखल होतानाच लिहून घ्यावे : पंधरा दिवसांपूर्वी हे माणूस स्वतः जेवत होते का, संडासला जात होते का, अंगावर जखम होती का. दहा मिनिटांचे काम आहे. तुलना त्या नोंदीशीच व्हावी, दुसऱ्या रुग्णालयाशी नव्हे.

ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचारांचे कवच मिळाले आहे. फार मोलाची गोष्ट आहे ही. पण पैसा सरकारी तिजोरीतून जाणार असेल, तर क्लेमच्या कागदांत ‘आला तेव्हा’ आणि ‘गेला तेव्हा’ असे दोन रकाने घालायला सरकारला कोण अडवणार? आरोग्य विभागाने एवढे तरी करावे, अशी कळकळीची विनंती आहे.

अण्णा आता वॉकर धरून अंगणातल्या तुळशीपर्यंत जातात. जखम भरायला अडीच महिने लागले. ड्रेसिंगला घरी येणाऱ्या सिस्टर दर सोमवारी पट्टीने जखमेची लांबी-रुंदी मोजून वहीत लिहायच्या. ती वही मी जपून ठेवली आहे. त्या रुग्णालयाने मागितली तर मी स्वतः नेऊन देईन.

आपली,
एक वाचक, नाशिक